तीन नंबरचा सिग्नल

ड्रायव्हरने आपल्या होणाऱ्या सासऱ्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तळपायांच्या बाजूने.

त्याआधी त्याने डोकं आपटून घेतलं होतं. खोलीच्या दारात, बरोबर छातीच्या उंचीवर, एक फळी आडवी टाकलेली होती आणि तिच्यावरून रूळ गेले होते. ज्याला आत यायचं त्याने वाकून, जवळजवळ रांगत यायचं. ड्रायव्हर सहा फुटी माणूस. तो वाकला, पण उभा राहण्याची घाई केली. असा काही आवाज झाला की गल्लीतली कुत्री गप्प झाली, शेजारच्या बाईने खिडकीतून डोकावून पाहिलं आणि फळीवरचे दोन डबे घरंगळून खाली पडले.

"लागलं का?" टेबलाखालून आवाज आला.

"नाही, नाही," ड्रायव्हर डोकं चोळत म्हणाला.

"तुम्हाला नाही हो. डब्यांना."

टेबलाच्या खालून दोन पाय बाहेर आले होते. पुढचा पाऊण तास ड्रायव्हर त्या पायांशी बोलला. पाय चांगले ऐसपैस होते आणि बोलण्यात पटाईत होते. एखादी गोष्ट पटली की अंगठे ताठ होत, नाही पटली की पावलं दोन दिशांना पडत. डावी टाच उजव्या पोटरीवर घासली जाऊ लागली की पुढचा प्रश्न अवघड येणार, हेही त्याला कळून चुकलं. ड्रायव्हरने नोकरीत पुष्कळ साहेबांना तोंड दिलं होतं, पण टाचांना तोंड देण्याची ही पहिलीच वेळ होती.

"काय करता?" पायांनी विचारलं.

"रेल्वेत असतो. इंजिन ड्रायव्हर."

पाय एकदम स्थिर झाले.

"कसली गाडी?"

"मालगाडी."

"डबे किती?"

"अठ्ठावन्न."

पायांनी यावर बराच विचार केला. "माझ्याकडे एकोणीस आहेत," ते शेवटी म्हणाले, "पण एकोणीसच्या एकोणीस वेळेवर धावतात."

मग पाय आत गेले आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूने माणूस बाहेर आला. गोल, टकला, कपाळावर भिंग चढवलेलं, दातांत चिमटा धरलेला. चिमटा न काढताच त्याने ड्रायव्हरला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. टेबलावरच्या छोट्या गाड्यांसारखा सत्त्याऐंशी पटींनी लहान केला तर हा माणूस फलाटावर कुठे उभा करता येईल, असा काहीसा भाव त्या पाहण्यात होता.

गल्लीत त्यांना सगळे स्टेशनमास्तर म्हणत, पुढे नुसतंच मास्तर. रेल्वेशी त्यांचा संबंध तिकिटापुरता. धंदा कवळ्या बनवण्याचा. घराच्या पुढच्या खोलीत ते दातांच्या डॉक्टरांनी पाठवलेल्या साच्यांवरून कवळ्या करत आणि आतल्या खोलीत रेल्वे. दोन्ही कामांना लागणारी हत्यारं एकच. त्यामुळे एकाच दिवशी एकाच यंत्राने आधी कुणा आजोबांची दाढ घासली जाई आणि मग इंजिनाचं धुरांडं. अर्ध्या गावाचे म्हातारे त्यांच्या दातांनी हसत आणि त्यांच्याच दातांनी त्यांना हसत.

आतल्या खोलीत चारी भिंतींना लागून टेबल होतं आणि टेबलावर एक अख्खा मुलूख. स्टेशन, मालधक्का, नदी, पूल, दोन बोगदे, डोंगर. डोंगर आतून जबड्यांचा होता. कवळी झाली की प्लॅस्टरचा साचा उरतो. तो टाकायचा कुठे, म्हणून मास्तर ते साचे एकावर एक रचत गेले आणि वरून माती, वाळू, वाळवलेली चहाची पत्ती चिकटवत गेले. असे तीनशेवर जबडे त्या डोंगरात गाडलेले होते. एकदा एक निवृत्त मुख्याध्यापक रेल्वे बघायला आले आणि बोगद्याच्या तोंडाशी रेंगाळले. "हे कुठे तरी पाहिल्यासारखं वाटतं," असं ते जीभ टाळूला लावून म्हणाले. मास्तरांनी विषय बदलला. तो बोगदा मुख्याध्यापकांचा वरचा जबडा होता.

नवा डबा घरात आला की मास्तर आठ दिवस तो मळवत बसत. रंगीत खडूची पूड बारीक ब्रशने लावून गंज चढवायचा, चाकांजवळ तेलाचे ओघळ काढायचे, छपरावर काजळी धरायची. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, हे कधी पटलं नाही.

"घरातल्या खिडक्यांचा गंज काढायला यांना सवड नाही," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आणि डब्यांना गंज लावायला सुट्टी काढतात."

"कोराकरकरीत डबा कुणाला खरा वाटेल?" मास्तर म्हणत. कवळ्यांचंही त्यांचं तेच होतं. एखादा दात किंचित तिरका बसवायचे, एखादा जरा पिवळट. सगळे सारखे केले की खोटे दिसतात, म्हणायचे. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येई आणि आठवड्याने आपल्याच दातांवर खूश होऊन मिठाई देऊन जाई.

सगळं इतकं बारकाईने करणाऱ्या या माणसाला लाल आणि हिरवा यांतला फरक मात्र दिसत नव्हता.

हे ड्रायव्हरला त्यांच्या मुलीने सांगितलं, ते त्याच दिवशी त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली तेव्हा. मुलगी पाठीचे व्यायाम शिकवायची. इंजिनात बसून बसून ड्रायव्हरची पाठ धरली, ती तिच्या हाताखाली गेली आणि पाठोपाठ बाकीचा माणूसही गेला.

"बाबा तरुणपणी रेल्वेत जायला निघाले होते," ती म्हणाली. "तिथे डोळे तपासतात ना. रंगीत ठिपक्यांचं पुस्तक असतं."

"दर चार वर्षांनी मी बघतो ते. ठिपक्यांतून आकडा दिसतो."

"बाबांना नुसते ठिपके दिसले. घरी येऊन सांगितलं, नोकरी मिळत होती, मीच नको म्हटलं. आजवर तेच सांगतात. आम्हाला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही."

काकूंना हे लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं होतं. मास्तर मोठ्या हौसेने त्यांच्यासाठी लाल छत्री घेऊन आले आणि ती हिरवीगार निघाली. काकू नव्या होत्या, नवराही नवा होता. "लाल रंग मला आवडतोच," असं म्हणून त्यांनी छत्री घेतली आणि जन्माची जबाबदारी उचलली. तेव्हापासून मास्तर रंगाची बाटली पुढे करून विचारत, "सांग बघू, हा कोणता?" जसं काही बायकोचीच परीक्षा चालली आहे. काकू सांगत, "हिरवा." "बरोबर," असं म्हणून मास्तर कामाला लागत. बत्तीस वर्षं काकूंना पैकीच्या पैकी गुण होते. एकदा काय त्या महिनाभर माहेरी गेल्या होत्या, तेव्हा डोंगरावरचं जंगल झालं. सगळी झाडं विटेच्या रंगाची.

"म्हणून सांगते, झाडांचा विषय काढू नकोस," मुलगी म्हणाली. "घरी येणाऱ्या प्रत्येकाला आई दारातच बजावते. तुला सांगायच्या आधी तू डोकं आपटलंस."

"आणि लग्नाचं काय म्हणाले?"

"रविवारी तीन वाजता ये. आमच्या गाडीचं दिवसभराचं वेळापत्रक चालवून दाखवायचं. बिनचूक. मग ते सांगतील."

ड्रायव्हर हसला. अठरा वर्षं गाडी चालवणाऱ्याला टेबलावरची गाडी चालवायला सांगायची, म्हणजे आचाऱ्याला भातुकली मांडायला सांगण्यासारखं होतं.

"हसू नकोस," ती म्हणाली. "ते नाही म्हणाले तर मी त्यांच्या मनाविरुद्ध लग्न करणार नाही, हे तुला आधीच सांगून ठेवते. आणि त्यांचा नकार आजवर कुणाला फिरवता आलेला नाही. एका बँकवाल्याचे तीन डबे नदीत गेले. भला माणूस होता. पुन्हा दिसला नाही."

रविवारी ड्रायव्हर व्यवस्थित रांगत आत आला. काकू आणि मुलगी भिंतीला पाठ लावून स्टुलांवर बसल्या होत्या, परीक्षेच्या हॉलबाहेर पालक बसतात तशा. मास्तरांनी भिंतीवरचं घड्याळ सुरू केलं. ते त्यांनी स्वतः असं जुळवलं होतं की दीड तासात त्याचा एक दिवस होई. मग ड्रायव्हरच्या हाती एक छोटी पेटी दिली. पेटीवर एक बटण. फिरवलं की गाडी सुटे, मागे घेतलं की थांबे. बस, एवढंच.

ड्रायव्हरने आयुष्यात इतकं अवघड इंजिन चालवलं नव्हतं. अठ्ठावन्न डब्यांची मालगाडी हलवायला जेवढा जोर मनातून लावावा लागतो तेवढा त्याने बटणाला लावला आणि सकाळची पहिली गाडी बंदुकीतून सुटल्यासारखी फलाटाबाहेर पडली. फलाटावरचा दोन सेंटिमीटरचा हमाल आडवा झाला. मग सवयीने तो थांबायची तयारी करू लागला. खरी मालगाडी थांबायला किलोमीटरभर आधी ब्रेक लावावा लागतो. त्याने स्टेशन सोडल्या सोडल्या लावला. गाडी मुख्याध्यापकांच्या तोंडात अर्धी शिरून उभी राहिली.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"पुढचं स्टेशन येतंय."

"ते आणखी दहा फुटांवर आहे. तोवर प्रवासी उतरून चालत जातील."

मुलीने कपाळाला हात लावला. पण ड्रायव्हर शेवटी ड्रायव्हर होता. दोन फेऱ्यांत त्याच्या बोटांना अंदाज आला. अंदाज आला तशी सवय जागी झाली, आणि सवय जागी झाली तसा तो बोलू लागला. इंजिनात नियम असा की समोरचा सिग्नल दिसला की ड्रायव्हरने तो मोठ्याने सांगायचा आणि शेजारच्या सहायकाने स्वतः पाहून तेच मोठ्याने म्हणायचं. दोघांनी पाहिलं म्हणजे चूक होत नाही.

"बाहेरचा सिग्नल, हात खाली," ड्रायव्हर म्हणाला.

मास्तरांनी चमकून वर पाहिलं. टेबलावरचे जवळपास सगळे सिग्नल जुन्या धर्तीचे होते. खांबाला एक आडवा हात. तो खाली झुकला की जायचं, आडवा असला की थांबायचं.

"आतला सिग्नल, हात खाली."

मास्तर खुर्ची ओढून त्याच्या शेजारी येऊन बसले. पुढच्या सिग्नलला ड्रायव्हरने "हात खाली" म्हटलं तेव्हा त्यांनी घसा साफ केला आणि हळूच म्हटलं, "हात खाली." त्यापुढच्याला जरा मोठ्याने. आणि त्यापुढच्याला असं खणखणीत, की काकूंच्या हातातली शिवणाची सुई थांबली. बत्तीस वर्षं त्या खोलीत गाड्या धावत होत्या, पण मास्तरांच्या शेजारी बसून त्यांचा सिग्नल मोठ्याने वाचणारा माणूस आजवर आला नव्हता. दुपारची गाडी वेळेवर गेली. मालगाडी धक्क्याला लागली, दोन डबे सोडून निघाली. दोघे आळीपाळीने ओरडत होते आणि मास्तरांचं टक्कल आनंदाने चमकत होतं. मुलीने आईला कोपर मारलं. जवळजवळ जमलंच होतं. फक्त संध्याकाळची सहा दहाची गाडी स्टेशनात आणायची बाकी होती.

स्टेशनाच्या तोंडाशी तीन नंबरचा सिग्नल होता. सगळ्या टेबलावर हा एकच नव्या धर्तीचा, आठ वर्षांपूर्वी बसवलेला. हात नाही, दिवे. खांबावर एकाखाली एक दोन. मास्तरांना त्याचा इतका अभिमान होता की वेळापत्रकातली शेवटची गाडी त्यांनी मुद्दाम त्याच्यासमोरून आणली होती. या वेळी त्यांना धीर धरवला नाही. त्यांनी कळ दाबली आणि ड्रायव्हरच्या आधीच पुकारलं, "तीन नंबर, हिरवा."

आणि कान टवकारून उत्तराची वाट पाहू लागले.

तीन नंबरचा सिग्नल लालभडक पेटला होता.

ड्रायव्हरने डोळे मिटून उघडले. लाल. त्याने मुलीकडे पाहिलं. मुलगी भिवया उंचावून, मान हलवून, जमेल त्या सगळ्या अवयवांनी 'जा, जा' म्हणत होती. काकूंनी खोकायला सुरुवात केली. ड्रायव्हरला एकाएकी आठवलं की ही मुलगी स्कूटरच्या परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती, दोन्ही वेळा लाल दिव्याला निघाली म्हणून. तेव्हा तिने घाबरले म्हणून सांगितलं होतं. या घरात आठ वर्षं लाल दिव्याला गाडी सुटत होती, आणि ते इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याला बजावून ठेवावं असं कुणाला सुचलंही नव्हतं.

"हिरवा," मास्तर पुन्हा म्हणाले. "म्हणा की."

म्हणायला काय हरकत होती? टेबलावरची गाडी. आतले प्रवासी मेणाचे. एक शब्द बोलला की मुलगी मिळत होती. ड्रायव्हरने तोंड उघडलं. पण अठरा वर्षं जो माणूस जे दिसलं तेच पुकारत आला, त्याच्या जिभेला हे काही वळेना. त्याचा हात आपोआप मागे आला आणि सहा दहाची गाडी तीन नंबरच्या अलीकडे, बरोबर वीतभर अंतर राखून, थांबली.

भिंतीवरच्या घड्याळात सहा अकरा झाले.

"का थांबलात?"

"सिग्नल," ड्रायव्हर म्हणाला.

"सिग्नल दिलाय मी."

"मग लेखी द्या," ड्रायव्हर म्हणाला. बुडत्याला काडी सापडावी तसा त्याला नियम सापडला होता. "सिग्नलबद्दल शंका असली तर स्टेशनमास्तरने लेखी परवाना द्यायचा. तो हातात आला की मी हळूहळू गाडी आत आणतो."

मास्तर रागावतील असं सगळ्यांना वाटलं. पण ते उठले आणि खालच्या खणातून एक वही काढून घेऊन आले. परवान्यांची. कधी काळी रेल्वेची खरी वही छापखान्यात दाखवून त्यांनी तशीच छापून घेतली होती, मागे नक्कल उमटवणाऱ्या निळ्या कागदासकट. पहिलं पानसुद्धा फाटलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, गाडीचा नंबर लिहिला, वेळ लिहिली, आणि पेन एका रकान्यावर येऊन थांबलं.

"कारण," मास्तर म्हणाले. "कारण काय लिहू? दिवा तर चालू आहे. तुम्हाला कोणता दिसतो?"

काकूंचा खोकला थांबला.

"लाल," ड्रायव्हर म्हणाला.

मास्तरांनी दिव्याकडे पाहिलं. मग ड्रायव्हरकडे. मग मान वळवून विचारलं, "अगं, सांग बघू, हा कोणता?"

"हिरवा," काकू म्हणाल्या. नजर दिव्यावर नव्हतीच, ड्रायव्हरवर होती, आणि ती काही प्रेमाची नव्हती.

"आणि तू गं?"

मुलीने आईकडे पाहिलं. "हिरवा, बाबा."

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. सहा चाळीस झाले. मग ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही दोघी जरा चहाचं बघा."

दोघी फळीखालून रांगत बाहेर गेल्या. मास्तरांनी त्या गेल्याची खात्री केली, खुर्ची ड्रायव्हरच्या गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत पुढे ओढली आणि कानाशी येऊन विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"अरे, माझ्यापासून काय लपवतोस. ते ठिपक्यांचं पुस्तक आठवतं? तू काय पाहिलंस त्यात? नुसते ठिपके ना?"

ड्रायव्हरने हातातली पेटी मांडीवर ठेवली.

"मलाही," मास्तर म्हणाले. "नुसते ठिपके. डॉक्टर पानं उलटतोय, विचारतोय आकडा कोणता, आणि मी म्हणतोय, अजून दाखवा. शेवटी त्याने पुस्तक मिटलं. चौतीस वर्षं झाली. हिला सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. रंग आला की हिला विचारून घेतो, तिला वाटतं मी तिचीच गंमत करतोय." ते स्वतःशीच हसले. "हा दिवासुद्धा हिला विचारूनच बसवला, म्हणून तर खात्रीने सांगतो की हिरवा आहे. तुला बिचाऱ्याला तिथे इंजिनात कुणाला विचारता येतं? सहायकाला विचारलंस की नोकरी गेली."

ड्रायव्हरच्या वरच्या खिशात दोन महिन्यांपूर्वीच्या तपासणीचा दाखला होता. दोन्ही डोळे निर्दोष, खाली शिक्का. तो नुसता काढून दाखवला असता तरी पुरलं असतं. पण तो दाखला दाखवायचा म्हणजे काकू खोट्या, मुलगी खोटी, आठ वर्षांचा दिवा खोटा आणि मग झाडंही ओघानं आलीच. समोर एक माणूस चौतीस वर्षांनी जोडीदार सापडल्यासारखा बघत होता. लाल दिव्याला हिरवा म्हणू नये, असं रेल्वेच्या नियमात स्वच्छ लिहिलेलं आहे. अशा प्रसंगाबद्दल मात्र काहीच लिहिलेलं नाही.

"लहानपणापासून," ड्रायव्हर म्हणाला.

"मग पास कसा झालास?"

"आकडे पाठ केले."

"पाठ केले," मास्तर पुटपुटले. आयुष्यात आपल्याला ही साधी गोष्ट सुचली नाही, याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर सावकाश पसरत गेलं. "हुशार आहेस. पण मालगाडीच चालवतोस ना? नक्की?"

"हो."

"तीच चालव. पोत्यांचं काय एवढं." त्यांनी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. "एक बरं केलंस. ह्या दोघी हिरवा म्हणत होत्या तरी तू जे दिसलं तेच बोललास. मी असतो तर घाबरून हो म्हटलं असतं. दोष आहे, पण माणूस खोटा नाही."

ड्रायव्हरने मान खाली घातली.

मास्तरांनी पेन उचललं. कारणाच्या रकान्यात मोठ्या अक्षरात 'खाजगी' असं लिहिलं, सही केली, हुद्दा लिहिला, पान फाडून ड्रायव्हरला दिलं आणि निळी नक्कल जपून वहीत ठेवली. ड्रायव्हरने परवाना वाचला, खिशात घातला आणि लाल दिव्यासमोरून, मुंगीच्या पावलांनी, गाडी स्टेशनात आणली.

चहा आला तेव्हा मास्तर दिवे पुसत होते. "गाडी सव्वा तास उशिरा आली," ते म्हणाले. "पण मुलगा नियमाचा आहे. माझी काही हरकत नाही."

ड्रायव्हर कप ठेवायला स्वयंपाकघरात गेला तेव्हा काकूंनी त्याला ओट्याशी गाठलं. काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं, तसं काकू स्टुलावर बसल्या.

"माझीच चूक ती," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी उसवलेली बाही शिवत होते. यांनी विचारलं, हा हिरवा ना? मान वर न करता मी हो म्हटलं. नंतर बघते तर लाल."

"मग सांगायचं होतं, काकू."

"सांगणारच होते. पण दिवा बसवला तेव्हा हे अर्धा तास त्याच्यापुढे बसून लावत होते, विझवत होते. एवढ्या वर्षांत मी यांना इतकं गप्प बसलेलं पाहिलं नाही." त्यांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "आणि तुम्ही हो म्हणालात? आंधळा आहे म्हणून?"

"अर्धा," ड्रायव्हर म्हणाला.

"बिस्किट घ्या," काकू म्हणाल्या, आणि तेव्हापासून त्याला जावयासारखं वागवू लागल्या.

दोन महिन्यांनी लग्न झालं. घरातल्या गाडीचं बटण जावयाच्या हाती मास्तरांनी पुन्हा दिलं नाही. आला की त्याला फाटक उघडण्या-मिटण्याचं काम देत. त्यात रंगाचा प्रश्न नव्हता. वर काकूंसमोर म्हणत, "दमून येतो गं बिचारा, सुट्टीच्या दिवशी पण काय गाडी चालवायची."

तिसऱ्या वर्षी ड्रायव्हरला बढती मिळाली आणि प्रवासी गाडी मिळाली. ही बातमी लपवायचा घरात पुष्कळ प्रयत्न झाला, पण ती पेढ्यांच्या डब्यासकट शेजारणीनेच आणली. मास्तरांनी पेढा घेतला, जावयाचं अभिनंदन केलं, आणि त्याला बाजूला घेऊन कुठल्या गाडीवर असतोस, कुठल्या दिवशी असतोस, हे एका कागदावर लिहून घेतलं. वरिष्ठांना त्यांनी कळवलं नाही. ते त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

बढतीबरोबर बदलीही झाली. मुलगी आणि जावई दुसऱ्या गावी राहायला गेले. काकू महिन्यातून एकदा लेकीकडे जात, त्या जावयाच्याच गाडीने, चार तासांत. कागदावरच्या त्या दिवशी मास्तर बसने जात. बसला नऊ तास लागत आणि ती दोनदा बदलावी लागे.